बाजूला बसण्याची रजा

ये भाचीबाई, अशी जवळ बस. उंबऱ्यात बसून काय बोलतेस? आणि आधी सांग, लेकीला घरी का ठेवून आलीस? पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलीय म्हणतेस, दर महिन्याला शाळा बुडते म्हणतेस, आणि वर हसून सांगतेस, लग्न झालं की थांबेल. कोणी सांगितलं तुला? मीच सांगितलं असणार. चारचौघींना हेच सांगत फिरायचे मी. म्हणून आता माझी फजिती ऐक.

माझी सून विसरवाडीकडची. आमच्या घरात पाळीचे चार दिवस बाईनं बाजूला बसायचं. ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी गोधडी, वेगळा तांब्या, चुलीकडे फिरकायचं नाही. मीही जन्मभर बसले. मग म्हातारपणी माझ्या डोक्यात सुधारणा शिरली. एका सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, आजपासून या घरात बाजूला बसणं बंद, सुनेनं खुशाल चुलीशी यायचं. मला वाटलं, पोरगी खूश होईल. गल्लीतल्या बायकांना तर मी आधीच सांगून आले होते.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. दुपारी हळूच येऊन मला म्हणाली, "आत्या, माले बाजूलेच बसू द्या ना."

मला असा राग आला म्हणून सांगू. शिकलेली पोर, मी पुढे ओढतेय आणि ही मागे पळतेय. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पुढच्या पाळीला हट्टानं तिलाच भाकरी थापायला बसवलं. आमचे म्हातारबुवा बाहेर ताट घेऊन बसलेले. पहिली भाकर करपलेली आली, दुसरी त्याहून काळी. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुन्ही सुधारणा चांगली शे, पन भाकर करपी गई."

तणतणत आत गेले. सून परातीवर ओणवी, दोन्ही मुठी पिठात, कपाळ परातीच्या कडेला टेकलेलं. तव्यावर भाकर जळतेय आणि हिला भान नाही. तेव्हा कुठे मला कळलं. ते चार दिवस म्हणजे तिची रजा होती गं. कोपऱ्यात पडून राहिली तरी कोणी विचारत नसे. आणि कोणी विचारत नसे, म्हणून दुखणंही कोणाला दिसलं नाही. मी मोठ्या थाटात तिची गोधडीच काढून घेतली होती.

त्याच आठवड्यात तिला नंदुरबारला डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्या विचारायच्या सुनेला, उत्तर द्यायचे मी. पाळीच्या आधीपासूनच दुखतं का? नाही, नाही. शौचाला बसताना कळ येते? छे. नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो? तिथे मात्र मी पदर तोंडाला लावला. बाईंनी मला गोड बोलून बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. नंतर कळलं, सुनेचं सगळ्यालाच हो होतं. शाळेत असल्यापासून. आणि तीन वर्षं मूल नाही म्हणून मी तिला कसले कसले काढे पाजले, ते तर विचारूच नको.

बाई म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस असू शकतं. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं आणि छळतं. सोनोग्राफी साफ आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, असंही बजावलं. पाळीत थोडं दुखणं वेगळं, आणि शाळा, कामधंदा सोडून आडवं पडावं लागणं वेगळं.

आता औषध चालू आहे, जरा उतार आहे. फार दुखलं तर ती पडते, पण कोपऱ्यात नाही, माझ्या खाटेवर पंख्याखाली. भाकरी मी करते. म्हातारा म्हणतो, त्या करपलेल्याच बऱ्या होत्या.

तुझ्या लेकीला तेच आहे असं मी म्हणत नाही. ते बाई तपासून सांगतील. मी येईन बरोबर, आणि कोणी सांगायच्या आधीच बाकड्यावर जाऊन बसेन. तुला मावशी आठवते ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. या खेपेला आखाजीची वाट बघू नको. लेकीला घेऊन लवकर ये.