कुंदा घेऊन गेलेले तीन विषय

मी बेळगावात कॉलेजात इतिहास शिकवतो. घरी माझा इतिहास बायको शिकवते, आणि तिचा पोर्शन कधी संपत नाही. त्यातलं सगळ्यात ताजं प्रकरण हे.

आमचे प्राचार्य कुठल्याशा कार्यशाळेहून नवीन खूळ घेऊन आले. बी.ए.ची एक तुकडी घ्यायची, तिला इतिहास, अर्थशास्त्र आणि कन्नड हे तिन्ही तास एकापाठोपाठ द्यायचे, आणि तिघा मास्तरांनी मिळून सत्रभर एकाच सूत्राभोवती शिकवायचं. तोपर्यंत आम्ही तिघं एकाच स्टाफरूममध्ये बसून एकमेकांच्या विषयाला मनातल्या मनात नावं ठेवत असू. आता उघड बोलायची वेळ आली.

सूत्र कुठलं घ्यायचं? अर्थशास्त्राचे सर तरुण, नुकते लागलेले, अजून लग्न व्हायचं होतं. ते उत्साहानं म्हणाले, "सीमाप्रश्न घेऊया." प्राचार्यांनी चहा मागवला. आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी चहा मागवला की तो विषय संपला. मग कुणीतरी ऊस सुचवला. कन्नडच्या मॅडम म्हणाल्या, "अर्धी पोरं सकाळी उसाला पाणी पाजून येतात. इथं पण तेच?" तेव्हा मी म्हटलं, "लग्न." आणि आपण फार मोठं काही बोललो अशा चेहऱ्यानं सगळ्यांकडं पाहिलं.

खरं सांगतो, जमलं ते. मी निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्या गावची सोयरीक कुठं आणि का होत होती ते सांगायचो. सर मांडवाचा, मानपानाचा हिशेब शिकवायचे. मॅडम कन्नड लग्नपत्रिका वाचून घ्यायच्या. मराठी शाळेतून आलेली पोरं कन्नडच्या तासाला मान खाली घालून बसायची, ती आता 'मदुवे', म्हणजे लग्न, म्हटलं की पुढं सरकून बसू लागली. त्यात जवळच्या मच्छे गावची एक मुलगी होती. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत, आई संकेश्वरकडची, कन्नड घरातली. ती एक दिवस उभी राहिली.

"सर, आमच्या आईचं लग्न मराठीत लागलं का कन्नडात?"

मला काय ठाऊक? पण मास्तराला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही. मी म्हटलं, "हाच तुझा अभ्यास. घरी विचार. आईचं विचार, आत्याचं विचार, जमेल तेवढ्यांचं विचार."

तिनं मनावर घेतलं. आणि थोड्याच दिवसांत कॉलेजला यायची बंद झाली.

तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती माझ्याकडं असं बघायला लागली की जणू मीच हुंडा मागितलाय. "सर, तिला बघायला येणार हायत. रोज घरात लग्नाचंच इचारती, म्हणून तिच्या आप्पास्नी वाटलं, हिच्या मनात भरलंय. आत्यानं संकेश्वरचं स्थळ आणलंय. जमलं की कॉलेज बंद."

वर्गात हिच्यासारखं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिचं शिक्षण माझ्या अभ्यासानंच बंद पडत होतं. आम्ही तिघांनी रविवारी तिच्या घरी जायचं ठरवलं. बायको म्हणाली, "तीन तिघाडा, काम बिघाडा. चौथं कुणीतरी न्या." मी हसलो. मग म्हणाली, "निदान रिकाम्या हातानं जाऊ नका," आणि आमच्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा, डबा हातात दिला.

आता जरा आमच्याकडं बाहेरून बघा. टक्कल पडलेला मध्यमवयीन गृहस्थ. शेजारी काठापदराच्या साडीतल्या मध्यमवयीन बाई. मागं कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, भांग पाडलेला तरुण. हातात कुंदा. रविवारची दुपार. एवढ्यावरून अख्ख्या बेळगावात कुणालाही जे कळलं असतं, ते फक्त आम्हा तिघा शिकलेल्यांना कळलं नाही.

दारात वडील होते. चेहऱ्यावर घाई, अंगात नवा शर्ट.

"या या! लवकर आलासा. आमची आक्का, पोरीची आत्या, अजून यायचीच हाय."

"आम्ही कॉलेजातनं आलोय," मी म्हटलं.

"व्हय की, आक्का बोलली, पोरगा कॉलेजात हाय म्हणून." त्यांनी सरांकडं मायेनं पाहिलं. सरांनी लाजून नमस्कार केला. लाजायचं कारण त्या वेळी त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!

आम्हाला सतरंजीवर बसवलं. मी प्रस्तावना जुळवत होतो. मास्तराला प्रस्तावनेशिवाय दार उघडून द्या म्हणायचंही जमत नाही. तोवर आमचाच कुंदा ताटलीत घालून पुढं आला. आमच्या भागात मुलगी बघायला गेलं की चहा-पोहे घेऊन उठतात, गोडाला हात लावत नाहीत. गोड खाल्लं म्हणजे पसंती. हे मी त्याच सत्रात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पण कुंदा समोर आला की माझं ज्ञान गळून पडतं. मी दोन घास खाल्ले. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवडलं म्हणायचं," ते पुटपुटले.

मॅडमनी मला कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. आतून साडी नेसलेली मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून आली. ट्रे ठेवताना तिनं वर पाहिलं.

"सर? मॅडम?" मग तिसऱ्याकडं पाहून जवळजवळ किंचाळली, "तुम्ही पण, सर?"

अर्थशास्त्राचे सर उठले, बसले, परत उठले.

"वळखीचं हायत व्हय?" वडील गोंधळले.

"आप्पा, हे माझे मास्तर हायत!"

वडील माझ्याकडं बघत राहिले. "मग तोंड कशाला गोड केलासा, सर?"

मी तोंडातला घास गिळला आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं की लग्न हा तिचा अभ्यास आहे, इच्छा नव्हे. अभ्यास मी दिलाय.

वडील समोर येऊन बसले. मग म्हणाले, "पोरगी बापाला तोंडानं कसं सांगनार? म्हणून आईचं लगीन, आत्याचं लगीन इचारती, असं वाटलं. मी काय तिला ढकलत नव्हतो, सर. तिच्या मनासारखं करालतो."

"मग मनासारखंच करा की, आप्पा," ती तिथंच सतरंजीवर मांडी घालून बसली. "मी इचारलेलं सांगा. आईचं लगीन कुठल्या भाषेत लागलं?"

उत्तर आतल्या दारातून आलं. तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "दोन्हीत. माझ्या मामानं मंगलाष्टक कन्नडात सुरू केलं, ह्यांच्या काकानं मराठीत. कोण थांबंना. अक्षता कवा टाकायच्या कुणाला कळंना, लोकांनी दोनदा टाकल्या."

"दोनदा का? तांदूळ पुरले?" सरांतलं अर्थशास्त्र जागं झालं. मॅडमनी कन्नडात काही विचारलं, आईनं कन्नडात भरभरून सांगितलं, मुलगी वडिलांना ते मराठीत सांगू लागली, आणि वडील "असं न्हवतं गं" म्हणत मध्येच दुरुस्त करू लागले. सत्रभर आम्ही तिघं एका वर्गात कधी एकत्र उभे राहिलो नव्हतो. आमचा पहिला एकत्र तास पोहे गार होईपर्यंत मच्छ्यात चालला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आत्या, मागं एक मध्यमवयीन जोडपं, एक इस्त्रीचा तरुण, आणि हातात डबा. दोन्ही तरुणांनी एकमेकांकडं पाहिलं.

वडील उठले. लेकीकडं पाहिलं. ती साडीचा पदर खोचून आईला पुढचं विचारत होती. दारात कोण आलंय हे तिला कळलंही नव्हतं.

"या, बसा," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि आत हाक दिली, "चहा टाक गं. नुसता चहा."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वडिलांनी आमची कुंद्याची ताटली उचलली, वर झाकण घातलं आणि फळीवर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर होती. पुढच्या सत्राचं सूत्र ठरवायला बैठक बसली तेव्हा मला पुन्हा काहीतरी सुचलं. मी घसा खाकरला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि शिपायाला हाक मारली, "चहा आण रं."