आधी वाचन, मग पोहे

माधवनगरच्या नाक्यावर पोह्यांची गाडी लावणारा तो माणूस रद्दीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मगच त्यावर पोहे वाढायचा. त्याच्यापायी निम्मं उज्जैन उपाशीपोटी कचेरीत जायचं. एकदा मी ओरडलो, तर त्याने शांतपणे चष्मा पुसला.

"भिया, अंग्रेजी में शब्द है, परूज. मतलब ध्यान से पूरा पढ़ना. डिक्शनरी के पन्ने पे मिला था. पुराने जमाने में मतलब था, चीज को इस्तेमाल कर-करके पूरा खपा देना. अधूरे पन्ने पे पोहा रखूँ तो पाप लगेगा."

पुढे रद्दीबरोबर मी सासूबाईंची पाककृतींची वहीही त्यालाच देऊन बसलो. त्यांच्या हातची तेवढी एकच आठवण उरली होती. बायकोने चार दिवस असा अबोला धरला, की कुकरसुद्धा दबकत शिट्टी देई. शेवटी तिला घेऊन मी गाडीकडे धावलो. वहीवर पोहे गेले असते, तर मी थेट क्षिप्रेत उडी मारणार होतो.

त्याने जिलबीच्या परातीमागून अख्खी वही काढली. "मराठी है ना, टाइम लगता है. अभी चकली तक पहुँचा हूँ."

बायको चार दिवसांनी बोलली, तेही त्याच्याशी. "भैया, ये तीस साल माँ की चकली खाते रहे. उनकी रेसिपी की कॉपी एक बार नहीं खोली!"

आता रोज सकाळी मी त्याला चकलीच्या पुढचं एकेक पान वाचून दाखवतो, आणि मागे ताटकळलेलं निम्मं उज्जैन माझ्या नावाने ओरडतं.