बिजलीसाठी घोडा पाहिजे

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते शेणासारखे बुटाला चिकटून घरी येतात. आमच्या घरी तर नियमच आहे, "बूट बाहेर काढा अन् गोष्टीबी बाहेरच सांगून या!"

दवनीवाड्याकडच्या एका दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नाही, पण गाव म्हणतं डॉक्टरसाहेब. दिवसभर गाई, म्हशी, शेळ्या. आमच्या भागात घोडी एकच, लखनभाऊंची बिजली. तरी सांगायला बसलो की निम्मे किस्से तिचेच निघतात.

नावावर जाऊ नका. बिजली ठेंगणी, तपकिरी, पाय जाड, पाठ खाटेएवढी रुंद. लखनभाऊ धानाची शेती करतात आणि लग्नसराईत तिच्यावर नवरदेव मिरवतात.

मे महिन्यात ते दवाखान्यात आले. "साहेब, बिजली तेरा वर्साची झाली. तिच्यासारखी दुसरी मले भेटनार नाही. एक पोर होऊन जाऊ द्या तिले. कोनता घोडा लावू?"

मी गोंधळलो. अख्ख्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! वेळ काढायला रजिस्टर उघडलं.

"जात कोणती?"

"देशी."

"देशी म्हणजे कोणती देशी?"

लखनभाऊंनी डोकं खाजवलं. "दवनीवाडा टाका ना जी!"

*

त्यांची समजूत अशी, की गाय भरवतात तशी घोडीही दवाखान्यातच भरवून मिळेल. कोपऱ्यात आमचा नायट्रोजनचा डबा असतो, वळूंचं गोठवलेलं वीर्य ठेवायचा. त्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "याच्यात काय काय आहे?"

"जर्सी आहे, होल्स्टीन आहे, मुऱ्हा रेडा आहे."

"अन् घोडा?"

"घोडा नाही."

त्यांनी डब्याभोवती एक चक्कर मारली. "एवढा मोठा डबा, अन् एक घोडा नाही मावला?"

*

मग खरा घोडा शोधायला निघालो. पहिला पत्ता गोंदिया शहरातला. छोटेभाईंचा पांढरा मारवाडी घोडा. उंच, झळझळीत, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. मी तर बघतच राहिलो.

छोटेभाई सांगत होते, "चाल देखिए साहब! गर्दन देखिए! पूरे जिले में ऐसा पीस नहीं."

लखनभाऊ मान बघत नव्हते. ते वाकले, सरळ झाले, दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाकले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, हा त खच्ची आहे!"

मी छोटेभाईंना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वो तो बचपन में ही करवा दिया. तभी तो बारात में शरीफ रहता है."

"अहो, मग हा बाप कसा होणार?"

"आपने फोन पर बोला, घोड़ा दिखाओ. मैंने घोड़ा दिखाया!"

*

दुसरा घोडा सालेकशाच्या जंगलपट्टीत. बिरजूभाऊंचा काळा, आखूड, कामाचा घोडा. मोहफुलांची पोती आणि सरपण वाहणारा. आणि हा पुरा घोडा होता, मी आधी तेच तपासलं! उंचीही बिजलीला जुळणारी.

या वेळी लखनभाऊंच्या बायको, कौसल्याबाई, सोबत होत्या. त्यांनी घोड्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडून दिलं. "नाही जमत. डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. असा घोडा मालकाले रडवते."

बिरजूभाऊ चिडले. "दहा वर्सं झाली बाई, हा माझ्या दारात आहे. एक दिवस रडलो नाही मी!"

घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मी रडून राहिली ना!"

आम्ही चहा घेतला आणि निघालो.

*

तिसरा घोडा सौंदडचा. लाल, देखणा, पुरा, आणि कौसल्याबाईंना एकही भोवरा खटकला नाही. बिजलीला पिकअपमध्ये चढवून घेऊन गेलो.

घोडा प्रेमाने फुरफुरला. बिजलीने कान मागे पाडले, किंचाळली आणि अशी लाथ झाडली की मधला बांबू मोडला! वेळ जुळली नसेल, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा नेली. पुन्हा तेच. या वेळी पिकअपचा दिवा फुटला.

घोड्याचे मालक म्हणाले, "तुमच्या घोडीले आमचा घोडा पसंत नाही, भाऊ."

लखनभाऊंना ते फार लागलं.  परत येऊन दारात उतरल्यावर म्हणाले, "साहेब, हिले पाहिजे तरी काय?"

मला गाईचं कळतं. घोडीचं काय सांगणार?

*

शेवटी जूनच्या अखेरीस तालुक्याच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, "बिजलीचा कोणता गुण पिलात यायला पाहिजे?"

लखनभाऊंचा चेहरा खुलला. "हिंमत, मॅडम! डीजे असो, कानापाशी फटाके फुटो, ही हलत नाही. बाकीच्या घोड्या नवरदेवाले पाडून पळतात. इनं आजवर एक नवरदेव पाडला नाही!"

मॅडम थोडा वेळ बिजलीकडे बघत राहिल्या. मग बाजूला, तिला दिसणार नाही अशा बेताने उभ्या राहून त्यांनी लोखंडी बादलीवर दगड आपटला. मी दचकलो. कौसल्याबाईंच्या हातातला पाला पडला. बिजली चरत होती. दुसऱ्या कानाकडून आपटला. बिजली चरत होती.

"लखनभाऊ," मॅडम हळू म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाही."

लखनभाऊंनी बिजलीच्या मानेवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, "मंग मी इतकी वर्सं हिच्यासंग बोलून राहिलो, ते कोनाले?"

 

*

त्याच दिवशी मॅडमनी लांब हातमोजा चढवला आणि बिजलीला आतून तपासलं. हात बाहेर काढला, पुन्हा घातला. कपाळावर आठ्या.

"घोडा कधी लावला होता?"

"लावायले नेली होती जी, दोनदा. लागलाच नाही."

"मग हे पाच महिन्यांचं कोणाचं?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. कौसल्याबाई एकदम म्हणाल्या, "तरीच बिचारी लाथा मारून राहिली होती!"

मी मान खाली घातली. घोडा शोधण्याआधी घोडी तपासावी, हे मला सुचलंच नव्हतं!

लखनभाऊ बोटांवर मोजत बसले. संक्रांतीनंतरच्या वराती, कोणतं गाव, कुठे मुक्काम, कुठे बांधली होती. कुठेही दुसरा घोडा नव्हता. "मी एक मिनिट सोडली नाही तिले," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग स्वतःच थांबायचे आणि पहिल्या बोटापासून मोजायचे.

डिसेंबरच्या शेवटी शिंगरू झालं. नर, तासाभरात पायावर उभं. बिजलीही ठणठणीत. रंग मात्र असा, की आम्ही पाहिलेल्या एकाही घोड्याचा नव्हता. पांढऱ्यावर काळे ठिपके, जणू कुणी शाई शिंपडली. लखनभाऊ त्याच्या गळ्यात हात टाकून रडले, हसले, पुन्हा रडले. बापाचा विषय त्यांनी सोडून दिला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी शिंगराची नाळ तपासायला गेलो होतो. रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. गळ्यात गमछा, पन्नाशीचा माणूस, नदीपलीकडचा, बालाघाटकडचा असावा. आमच्यापैकी कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं. गाडी चालूच ठेवून त्याने कुंपणावरून शिंगराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मिश्या पसरून हसला.

"अरे वा! ये तो बिलकुल बाप पे गया है!"

आणि गिअर टाकून निघून गेला.

लखनभाऊ अनवाणी धावले. "ओ भाऊ! ओ भाऊ! थांबा ना जी! कोनावर?"