अंगठा देणाऱ्या कमलचं इंग्रजी

कमल अडाणी नव्हती.

परवा नगरकडच्या अकोले तालुक्यात, तिच्या सासरच्या गावी तिच्या तेराव्याला गेले होते. तिचा थोरला मुलगा लोकांना सांगत होता, "आमची आई अंगठेबहाद्दर, पण व्यवहाराला पक्की." लोक कौतुकाने माना हलवत होते.



कमल आणि मी श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात एका बाकावर बसायचो. अकरावी मॅट्रिकचं वर्ष, आणि नेमका बाहत्तरचा दुष्काळ.
सकाळी शाळा, दुपारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. खायला कामावर वाटलेली सुकडी.

त्या वर्षी इंग्रजीचे सर क्रियापदांच्या मागे हात धुऊन लागले होते. क्रियापदापुढे माणूस कसा येतो, त्याच्यापुढे दुसरं क्रियापद कसं येतं, मधे काय लागतं. अख्खा वर्ग रडकुंडीला आलेला.

सर म्हणायचे, "वाँट, टेल, आस्क ही भिडस्त मंडळी. टू नावाचा मध्यस्थ असल्याशिवाय पुढच्या क्रियापदाशी बोलत नाहीत. मेक आणि लेट कुणाला विचारत नाहीत, थेट घरात घुसतात. आणि प्रिव्हेंटला फ्रॉम लागतोच."

आम्ही घोकायचो. कमलला घोकावं लागत नव्हतं. कुठे काय शोभतं ते तिच्या कानालाच कळायचं.

खडीवर बसून ती वाक्यं जुळवायची. हातोडीच्या घावाला एकेक शब्द.
"मुकादम मेक्स अस वर्क."
"मुकादम वाँट्स अस टू वर्क."
"द सन प्रिव्हेंट्स अस फ्रॉम वर्किंग."

शेजारच्या बायका विचारायच्या, "काय म्हनती गं ही?"
मी सांगायचे, "मुकादमाला शिव्या देती."
मग बायकाही तालात म्हणायला लागायच्या. मुकादम खूश. त्याला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय.

ती मॅट्रिक होणार, नगरला शिकायला जाणार, मास्तरीण होणार. हे दुसऱ्या कुणी नाही, तिनेच ठरवलं होतं. सरांनाही खात्री होती.

परीक्षेच्या तोंडावर अकोल्याचं स्थळ आलं. भातशेती, विहिरीला पाणी. मुलगा दुसरी शिकलेला.

सर धावत तिच्या घरी आले. मी तिथेच होते.
"आबा, परीक्षा तेवढी देऊ द्या तिला. मग करा लग्न."

तिचे वडील, आबा, वाईट नव्हते. खाली बघत म्हणाले, "सर, तिकडं पानी हाय. हितं ऱ्हाऊन पोर काय खाईल, तुमचं इंग्रजी?"

"निदान त्यांना सांगा तरी, मुलगी मॅट्रिकला बसतेय."

"ते कसं सांगू? नवरा दुसरी अन् बायको मॅट्रिक? कोन करून घेईल? पोर शाळंची पायरी चढली न्हाई, आसं सांगितलंय म्या."

कमल दारात उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "अन् मला कुनी इचारलं तर?"
"तू बी हेच सांगायचं. माझी आन हाय तुला."

सर चहा न घेताच गेले.

सासरी कसल्याशा कागदावर तिने पहिल्यांदा अंगठा उठवला. मग आयुष्यभर उठवत राहिली.

आबा वारले तेव्हा मी म्हटलं, "आता तरी सांग गं घरी."
"कसं सांगू, शालू? म्हनतील, येवढी वर्सं आमाला बनवलं. पोरं माझ्यावर इस्वास ठिवतील का?"

एकदाच मोकळं बोलली. नात शेजारी बसून अभ्यास करत होती, म्हणाली. वहीत लिहिलेलं, माय मदर मेड मी टू ड्रिंक मिल्क.
"त्यो टू मला दिसत हुता गं. जिभंवर आलं, खोड त्यो. गिळलं. पोरीनं दुसऱ्या दिशी बाईंची बोलनी खाल्ली. अन् तिच्या शेजारी मास्तरीन बसलेली, तांदूळ निवडत."

त्या दिवशी ती रडली. मीही.

परवा पंगत उठल्यावर तिचे मालक ओट्यावर एकटेच बसले होते. खूप थकलेत. मला हात करून बोलावलं.
"ताई, तुमी तिच्या वर्गातल्या ना?"

मला घामच फुटला. "तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न झालं त्याच वर्सी कळलं. म्या तिला पेपर वाचून दाखवायचो, बोट ठिवून ठिवून. माझं बोट वरच्या वळीवर, तिची नजर खालच्या. बातमी वाईट आसली की माझ्या आधी तिच्या डोळ्यात पानी."

"मग बोलला का नाहीत कधी?"


"ती माझ्यापुढं बसून ऐकायची. मला मोठेपना वाटायचा हो. बोललो आसतो, तर ते गेलं आसतं."

मला त्यांची कीव आली. राग आला. खरं सांगायचं तर राग जास्त आला.

निघताना म्हणाले, "पोरांना तुमीच सांगा. माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

म्हणून लिहिते आहे. तिची मुलं, नातवंडं या ग्रुपवर आहेत, वाचतील.

पोरांनो, तुमची आई आमच्या वर्गात इंग्रजीत पहिली असायची. तिला सही येत होती. अक्षर फार देखणं होतं तिचं.

आणि तुमच्या वडिलांना ते माहीत होतं.

कमल, आता कुणापासून काही लपवू नकोस.
सुखाने जा गं.

तुझी शालू