नऊ वाचवले, एक सोडला

ज्या माणसाने माझ्या वडिलांना खाडीत सोडलं, त्याच्या लाँचचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंद झाला. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

महायुद्ध संपून पन्नास वर्षं होत होती. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावाने, युद्धात नोकरी केलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी शाळेत लावायचं ठरवलं. त्यांतला जिवंत उरलेला एकच, ती लाँच हाकणारा म्हातारा सारंग. पाटीसोबत स्मरणिकाही निघणार होती. मी रोह्याला शिक्षक, म्हणून त्याच्या लाँचवरचा लेख माझ्या गळ्यात आला.

सारंग कागदांची पिशवी घेऊन एसटीने रोह्याला माझ्या घरी आला. दुपारभर बोलला. लाँच नौदलाची होती. समुद्रात विमान पडलं की धावायचं आणि वैमानिकाला उचलून आणायचं. कडेला जाळं सोडायचं, एकाने कमरेला दोर बांधून खाली उतरायचं.

"मानसाजवल गेलं का मशीन बंद," तो म्हणाला. "नायतर पंखाच पाय कापतो, मास्तर."

नऊ जण जिवंत काढले होते. युद्धानंतर लाँच लिलावात निघाली आणि धरमतरच्या खाडीत उतारू वाहू लागली. सारंग तोच राहिला.

त्यापुढचं तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. चहा मात्र दोनदा दिला.

पुढचं मला ठाऊक होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. ओहोटी लागली होती, लाँच भरलेली होती. मागच्या फळीवर वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा पाय घसरला. लाँच वळली नाही. वळवली असती तर चिखलात बसली असती, असं सारंगाने पोलिसांना सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडले.

ते नऊ जण मी फार मन लावून लिहिले. प्रत्येकाला वेगळा परिच्छेद दिला. वाचणाऱ्याच्या मनात सारंग जितका उंच चढेल, तितका तो जोरात आपटणार होता. शेवटी लिहिलं, "दहावा माणूस याच गावचा होता. त्याच्यासाठी लाँच वळली नाही."

स्मरणिकेच्या समितीत मी लेख वाचून दाखवला.

"मास्तर, यो छापायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"यात खोटं काय आहे ते दाखवा," मी म्हणालो.

लेख छापला नाही, पण पाटीवरचं सारंगाचं नाव गळलं. मला तेवढंच हवं होतं. परतताना कोलाडला उतरून मी दोन प्लेट भजी खाल्ली.

पाटीच्या कार्यक्रमाला सारंग आला. मागे बसला. लोक पांगल्यावर त्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्याकडे आला.

"लिवलास ता खरा हाय. पन तू बाजूलाच व्हतास ना? बोंब कवा मारलीस?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हाही फुटला नव्हता. वडिलांचं डोकं दोनदा वर आलेलं मी पाहिलं होतं आणि फळीला धरून गप्प उभा होतो. लाँच वळणापार गेल्यावर एका कोळणीने ओरडून सांगितलं होतं.

"तवा वळवून काय गावनार व्हता?" तो म्हणाला. "पोलिसांना मी सांगितला, पोरानं लगेच हाक मारली."

"असं का सांगितलंत?"

"तुजी आय समोर उभी व्हती."

माझ्यासाठी त्याने स्वतःवर घेतलं होतं आणि तेच मी छापायला निघालो होतो. त्याच दिवशी अध्यक्षांचं घर गाठून खरं सांगता आलं असतं. मी रोह्याची गाडी पकडली. दोन वर्षांनी सारंग गेला, तरी पाटीवर नाव नव्हतं.

त्याच्यावरचा माझा राग काही उतरला नाही. उलट वाढला. आधी तो वडिलांसाठी होता. आता, माझं सगळं माहीत असूनही तो इतकी वर्षं गप्प राहिला, यासाठी आहे.