कामेडीभाऊंचा रडण्याचा पार्ट

कामेडीभाऊ विनोदी सिनेमा पाहताना कधी हसले नाहीत. जुना काळा-पांढरा सिनेमा चालू आहे, ढेरपोट्या नट शिडीवरून घसरतोय, आमची पोरं पोट धरून लोळताहेत आणि भाऊ कपाळाला आठ्या घालून, डॉक्टरने एक्स-रे बघावा तसे टीव्हीकडे बघताहेत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "तुम्ही हासा ना बावा. मी कामावर आहो."

त्यांचं खरं नाव रेशनकार्डाबाहेर कोणी वापरलं नाही. सानगडीत आमच्याच गल्लीत त्यांचा हातमाग होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की माग बंद, आणि भाऊ नाटक कंपनीत. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांची एक रीत आहे. लेखक नायकाला पल्लेदार वाक्यं लिहून देतो, आणि मध्येच 'येथे विनोदी प्रवेश' एवढं लिहून मोकळा होतो. त्या रिकाम्या जागेत काय करायचं ते विनोदी नटानं आपलं आपण पाहायचं. लोक त्या जागेसाठी यायचे. पोस्टरवर मात्र भाऊ खाली कोपऱ्यात, जीभ बाहेर काढलेले.

मी साकोलीला पंचायत समितीत कारकून. येताना जुन्या सिनेमांच्या सीड्या भाड्याने आणायचो, त्या भाऊंसाठीच. एरवी ते फारसं बोलत नसत, पण सीडी लागली की त्यांच्यातला गुरुजी जागा व्हायचा. "पडल्यावर काय पाहतं? पडायच्या आंदी पाह्य. डोक्याले मालूम हाये का आपुन पडनार, पन पायाले मालूमच नाही. हे जमाले जिंदगी जाते." आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा सगळे नकाशावर वाद घालत होते. भाऊ म्हणाले, "जिल्ह्याची वाटनी झाली. हासनारे तिकडं गेले, अध्यक्ष इकडं राह्यले." नाटकाआधी तासभर भाषण ठोकणाऱ्या अध्यक्षांवर त्यांचा फार जुना राग होता.

एकदा सिनेमा संपल्यावर ते उठलेच नाहीत. म्हणाले, "हिरोले माय हाये, बहीन हाये. व्हिलनचा बंगला हाये. ह्या मानसाचं घर कुठी दाखवलं का, बाबू? हा सीन संपल्यावर जाते कुठी?" मी काहीतरी उडवाउडवीचं बोललो. पण पुढे प्रत्येक सिनेमात मीही ते घर शोधायला लागलो, आणि ते सहसा सापडत नाही.

भाऊंना एकच मुलगी, वंदना. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. तिला गोंदियाकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, सासरा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची अट एवढीच की मुलीच्या बापानं रंगभूमी सोडावी. चारचौघांत बरं दिसत नाही. ऐन सीझनमध्ये भाऊंनी कंपनीला नाही म्हणून कळवलं. मी चिडलो तर मलाच समजावू लागले. "तोंड वाकडं करून मी पोरगी मोठी केली. आता एक डाव मले सीधा उभा राहू दे. त्या मांडवात मी बाप पाह्यजे, कामेडी नाही."

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जेवणं झाली आणि त्याच मुख्याध्यापकांनी सुपारी कातरत फर्मान सोडलं, "व्याही, तो रडण्याचा पार्ट होऊन जाऊ द्या. घरचेच लोक आहेत." तो पार्ट अख्ख्या पट्ट्यात गाजलेला होता. हुंदका वर चढत चढत उचकी व्हायचा, उचकीचं आरवणं व्हायचं, आणि भाऊ शेजारच्याच्या शेल्याला नाक पुसायचे. स्टेजवर केलं तर लाज आणि ह्यांच्यासमोर ओसरीवर केलं तर हौस! भाऊंनी एकदा वंदनाकडे पाहिलं. मग उभे राहिले आणि केलं. पाहुणे खूश होऊन गेले.

लग्नात भाऊ नवा पांढरा सदरा घालून, खरंच सरळ उभे होते. कोणाशी थट्टा नाही, मस्करी नाही. वंदना जीपमध्ये बसली, तेव्हा त्यांना हुंदका आला. तो वर चढला, त्याची उचकी झाली, आणि घशातून तोच आवाज निघाला. माणसाला रडायला दुसरा गळा कुठून आणायचा? सगळ्यांत आधी मुख्याध्यापक हसले. मग वरात हसली, वाढपी हसले, आमच्या गल्लीतले लोकही हसले. व्हिडिओवाला लाईट घेऊन पुढे धावला. भाऊंनी हात जोडले. "खरंच रडून राहिलो बावा! खरंच रडून राहिलो!" मांडव त्यावर नुसता फुटला. कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" जीपमध्ये वंदनाने मान इतकी खाली घातली होती की मुंडावळ्या मांडीवर लोंबत होत्या. मला वाटलं, एकेकाच्या कानाखाली वाजवावी.

त्यानंतर भाऊ स्टेजवर गेले नाहीत. शब्द दिला होता. माझ्याकडे येणंही कमी झालं, सीडी आणली म्हटलं की म्हणायचे, "पोट्ट्यायले दाखव." काही वर्षांनी गेले, चार दिवसांच्या तापात. मंडईच्या पटांगणात त्यांचा फ्लेक्स लागला, 'हास्यसम्राटास श्रद्धांजली'. जीभ बाहेर काढलेलाच फोटो.

तेरवी झाल्यावर वंदना एकटीच माझ्याकडे आली. पर्समधून लग्नाची सीडी काढली. सासरी पाहुणे आले की ही सीडी लावतात आणि पाठवणीपाशी पुन्हा पुन्हा थांबतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. "काका, एक डाव लावा. आवाज बंद करून लावा."

मी लावली. आवाज नव्हता, त्यामुळे हसणं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस हात जोडत होता, लाईट त्याच्या तोंडावर होता, आणि नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"किती रडत होता जी माहा बाप," वंदना म्हणाली.

पुढचं मला बघवेना. मी म्हटलं, ही सीडी इथेच राहू दे, मोडून टाकतो. तिने ती काढून घेतली, पदराने पुसली आणि पर्समध्ये ठेवली.

"नोका मोडू काका. परवा पाहुने येऊन राहिले. सासरे मांगतीन."