दातवाल्या मामाचा घट्ट पिस्टन

गल्लीत बातमी अशी होती, की दातवाल्या मामाने मोटारसायकलचं इंजिन भट्टीत शिजवलं, आणि तेही कुणा म्हातारीच्या कवळीसोबत. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई हे सांगताना आवाज खाली आणायच्या आणि भुवया वर न्यायच्या. "अगं, त्या बिचारीला आता घासागणिक पेट्रोलचा वास येतो म्हणे!" इस्त्रीवाल्याने त्यात भर घातली, की कवळी आपली आपण चावते, फक्त सकाळी एकदा किक मारावी लागते.

खरं एवढंच, की अख्खं इंजिन नव्हे, इंजिनाच्या कवचाचा अर्धा भाग. आणि भट्टीत नव्हे, मामीच्या केकच्या ओव्हनमध्ये. कवच तापलं की किंचित फुगतं आणि नवं बेअरिंग हातोडी न लावता अलगद आत उतरतं. कवळी आसपाससुद्धा नव्हती. वास लागला तो मामीच्या केकला, आणि त्यावर ती जे बोलली ते शिंपीणबाईंच्या कानावर गेलं असतं, तर बातमीला आणखी चार शिंगं फुटली असती.

आमचा हा मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात आणि मामा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावर दात उभे करतो. खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. आत शिरलं की सगळे आपल्यालाच हसतायत असं वाटतं. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, गुलाबी मेण मऊ करायचं, चिमट्याने एकेक दात उचलून मेणात रोवायचा. उभी हयात त्याने हेच केलं, आणि त्यातून त्याचा एक धर्म तयार झाला. "फट म्हणजे पाप," तो म्हणायचा, ओठ न हलवता, जणू तोंडात माप घ्यायचा लगदा भरलाय. "कवळी हलली की हिरडी सोलली. हिरडी सोलली की माणूस उपाशी. उपाशी माणूस कुणाच्या नावाने बोंब मारणार? माझ्या!"

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी त्याने तो खिशात लपवला. चहा डाव्या हाताने प्यायला लागला. पण मेणात पुढचा दात तिरका बसला तेव्हा खिसा कामाला आला नाही. काढला, पुन्हा रोवला, पुन्हा तिरका. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की औषधांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. काम जपून करा. दुचाकी तर नकोच.

"काय म्हणाले?" मामीने दारातच विचारलं.

"हवेमुळे होतं म्हणाले."

"हवा काय तुमच्या एकट्याच्या हाताला लागते? मी काय बाटलीत राहते?"

मामा सरळ मागच्या पडवीत गेला आणि ताडपत्री ओढून काढली. खाली त्याच्या तरुणपणीची डोंगरात चालवायची गाडी होती. उंच, काटकुळी, जाड खाचांच्या टायरांची. टायर चिरलेले, साखळी गंजून काठी झालेली, हवा गाळायच्या डब्यात उंदरांचा संसार. घराच्या मागून एक पायवाट टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. सुटे दगड, आडवी मुळं, आणि शेवटी असं वळण की बकरीसुद्धा विचार करते. लग्नाआधी मामा त्या वाटेने रोज संध्याकाळी जायचा. आता त्याच्या डोक्याने एकच घेतलं: हात पुरता जायच्या आत एकदा, फक्त एकदा, टाकीपर्यंत. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हाताचंही सांगावं लागलं असतं.

म्हणून तो घाई करायला लागला. घाईत माणूस नवं काही शिकत नाही, आधीपासून येतं तेच करतो. मामानेही तेच केलं. सिलिंडर आतून झिजला होता. तो कातून थोडा मोठा करायचा आणि त्यात थोडा मोठा पिस्टन घालायचा, एवढं काम. लेथवाल्याने यंत्र लावलं आणि म्हणाला, "केसाइतकी फट ठेवतो."

"फट? कशाला फट?"

"पिस्टनला श्वास घ्यायला, मामा."

"माझ्या कामात फट नसते. घट्ट बसव. हलता कामा नये."

"अहो, तोंड नाही हे, इंजिन आहे! तापलं की पिस्टन फुगतो."

"तू घट्ट बसव. पुढचं मी बघतो."

लेथवाला आपल्या यंत्राकडे बघून म्हणाला, "ऐकलंस? पुढचं हे बघतील." आणि घट्ट बसवला. तापलं की धातू फुगतो, हे मामाने ओव्हनच्या काचेतून स्वतः पाहिलं होतं. पण ते बेअरिंगचं झालं. पिस्टनच्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर हिरड्याच आल्या.

गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. इंजिन तारसप्तकात ओरडत होतं, निळा धूर, पेट्रोलात मिसळलेल्या एरंडेलाचा वास. मामा पहिल्या चढाला लागला. अर्ध्या चढावर आवाज बदलला, जड झाला, गळा दाबल्यासारखा, आणि खटकन बंद. मागचं चाक जागच्या जागी आवळलं. मामा गाडीसकट आडवा झाला. त्याने किक मारून पाहिली, किक दगडासारखी. फुगलेला पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. अख्खी गल्ली बघत असताना तो गाडी ढकलत खाली आला, आणि शिंपीणबाई "लागलं नाही ना हो?" असं इतक्या गोड विचारत होत्या की त्याला खरंच लागलं असतं तर बरं वाटलं असतं.

लेथवाल्याने सिलिंडर उजेडात धरला. आत उभे ओरखडे. "अजून एकदा कातता येईल," तो म्हणाला. "तेवढीच भिंत उरलीय. पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका, कुंडी करून त्यात रोप लावा."

"फट ठेव," मामा म्हणाला. लेथवाला सांगतो, की हे दोन शब्द मामाने असे उच्चारले जणू स्वतःचाच दात स्वतः उपटतोय.

आता खरा घोर लागला. गाडीला एकच संधी होती आणि हात दिवसेंदिवस उतरत होता. चमचा ताटलीवर वाजायला लागला होता. मामा पिस्टन जोडायला बसला. पिस्टनमधून जाणारी खीळ जागेवर राहावी म्हणून तिच्या टोकाला तारेची बारीक कडी खाचेत बसवायची असते. कडी नीट बसली नाही तर चालत्या इंजिनात सुटते आणि सगळं फाडून टाकते. मामाने चिमट्यात कडी धरली. ती उडाली. शोधली. पुन्हा धरली, पुन्हा उडाली, जबड्यांच्या फळीखाली गेली. तो गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिला, आणि मामी दारात कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

"हवा जोरात आहे वाटतं आज," ती म्हणाली.

मामाने मान वर केली नाही. तसाच फरशीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. हात, डॉक्टर, टाकी, एकदाच. मामी पदर खोचून खाली बसली, कडी शोधली आणि चिमटा त्याच्या हातातून काढून घेतला.

"नवऱ्याला मरायची सोय करून देणारी मी पहिलीच असेन. कुठे बसवायची ही?"

"खाचेत. टोक वर. दाबून. फिरव... फिरव जरा."

"ओरडू नका. मी तुमचे दात नाही."

कडी टक्कन बसली. मामी तिथेच भिंतीला टेकली आणि डोळे पुसताना म्हणाली, "वास बघा मेला, रॉकेलचा."

ते दोघं सकाळी निघाले, म्हणजे तो गाडीवर आणि ती दारात. आधी त्याने इंजिन सावकाश तापवलं, बंद केलं, गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं. मग चढाला लागला. पहिला चढ गेला. आवाज मोकळाच राहिला. मुळांवरून गाडी उसळली, दगड मागे उडाले, आणि मामाच्या लक्षात आलं की हात दिसतच नाही. हँडल, पेट्रोलची टाकी, गुडघे, दात, सगळंच इतकं थरथरत होतं की त्यात त्याचा हात वेगळा ओळखू येईना. तो मोठ्याने हसला. वर कुणी ऐकायला नव्हतं. बकरीच्या वळणावर त्याने पाय टेकला, पण गाडी थांबू दिली नाही, आणि सिमेंटच्या टाकीला हात लावूनच उतरला.

उतरताना मात्र त्याच वळणावर त्याने उजव्या हाताला सांगितलं, ब्रेक दाब. हाताला निरोप पोचला, पण उशिरा. पायाच्या ब्रेकने मागचं चाक घसरलं आणि मामा झुडपात. लागलं काही नाही. पण तो बराच वेळ त्या झुडपात बसून आपल्या हाताकडे बघत राहिला, जसा माणूस वर्षानुवर्षं बरोबर काम केलेल्या आणि आज कामावर न आलेल्या सोबत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. मग इंजिन बंद ठेवून गाडी हाताने धरत उतरला.

घरी आल्यावर झुडपाचं तो फक्त मामीशी बोलला, मला ते पुढे तिच्याकडूनच कळलं. आम्हाला टाकीचं तेवढं सांगितलं, आणि म्हणाला, "झालं. आता नाही."

"चल!" मी म्हटलं. "रविवारी परत जाशील. पैज!"

"नाही जाणार."

"मामा, तू हरशील. हरेल त्याने साखळी घासायची."

"लागली," तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला. मला वाटलं, डावा का, तर मस्करी असेल.

रविवारी त्याने गाडी अंगणात काढली. किक मारली. इंजिन गरम होईपर्यंत उभा राहून ऐकलं, मान तिरकी करून, डोळे मिटून. मामी खिडकीत होती. तिच्या हातातलं फडकं हलत नव्हतं. मी तर टाळ्या वाजवायच्या तयारीत. मामाने हात पुढे नेला, बटण दाबलं, इंजिन बंद केलं, आणि स्टूल ओढून सावलीत बसला.

मी रॉकेलची वाटी आणि त्याच्या कामातला जुना दातांचा ब्रश घेऊन साखळीपाशी बसले.

"मधल्या कडीत माती राहिलीय," स्टुलावरून आवाज आला. "पुन्हा घास."